एका गावाचे तीन आकडे आणि आडनावांचा चकवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्हाळा तालुक्यातलं एक गाव. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रकल्पासाठी त्या गावाची लोकसंख्या आणि सामाजिक रचना लिहायची आहे. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या २,६८४ दिसते, ग्रामपंचायतीच्या दारातल्या फलकावर ३,४५० आहे आणि मतदार यादीत २,६१० नावं आहेत. यातला खरा आकडा कोणता? आणि कुठल्या समाजाची किती घरं हे सरकारी कागदात मिळत नाही, तर मतदार यादीतल्या आडनावांवरून काढलं तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे म्हणून आधी देतो: आडनावांवरून अजिबात काढू नका. कारण पुढे सांगतो.

पहिल्या प्रश्नात अडचण आकड्यांची नाही, हद्दीची आहे. तुम्ही प्रश्नाच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की गावाला दोन वाड्या आहेत. मेख तिथंच आहे. जनगणना मोजते ते महसुली गाव, म्हणजे ज्याचा स्वतंत्र गाव नकाशा आणि स्वतंत्र सातबारे आहेत ते. ग्रामपंचायत हे वेगळं एकक आहे. एका ग्रामपंचायतीत एकच महसुली गाव असू शकतं, किंवा दोन-तीन मिळून गट ग्रामपंचायत असते. शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा या डोंगरी भागांत हा प्रकार बराच दिसतो. उलट काही वाड्या नुसत्या वाड्याच असतात. त्या मूळ गावाच्याच महसुली हद्दीत येतात आणि त्यांची माणसं गावाच्या आकड्यात आधीच धरलेली असतात.

त्यामुळे पहिलं काम हे करा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी सांकेतांक आहे. जनगणनेच्या संकेतस्थळावर कोल्हापूरची जिल्हा जनगणना पुस्तिका मिळते. तिचे दोन भाग आहेत: एकात गावोगावच्या सोयीसुविधा, दुसऱ्यात प्राथमिक जनगणना गोषवारा. गोषवाऱ्यात तुमच्या गावाची ओळ काढा आणि त्याच तालुक्याच्या यादीत दोन्ही वाड्यांची नावं स्वतंत्रपणे शोधा. वाडीला स्वतःचा सांकेतांक असेल तर ती वेगळं महसुली गाव आहे आणि तिचे लोक २,६८४ मध्ये नाहीत. नसेल तर ते आहेत.

नाव शोधताना घाई केली की हमखास फसगत होते. पन्हाळ्यात पोर्ले तर्फ ठाणे आणि पोर्ले तर्फ बोरगाव ही दोन वेगळी गावं आहेत. कागलमध्ये कसबा सांगाव आणि मौजे सांगाव. खुर्द, बुद्रुक, तर्फ, कसबा हे शब्द यादीत कधी आधी येतात, कधी नंतर, कधी एका अक्षरात आखडलेले असतात. त्यात मराठी नाव रोमन लिपीत भलत्याच स्पेलिंगने छापलेलं असतं. नावावर विसंबू नका. सांकेतांक एकदा नक्की करा आणि अहवालात तोच लिहा. धरणग्रस्तांच्या वसाहतींचंही असंच आहे. वारणा आणि दूधगंगा धरणांत घरं गेलेल्या गावांच्या वसाहती जिल्ह्यात दुसऱ्या गावांच्या हद्दीत वसल्या आहेत आणि जुन्या गावाच्याच नावाने ओळखल्या जातात. वसाहतीतली माणसं कुठल्या ओळीत मोजली गेली, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासावं लागतं.

आता तुमचे आकडे एकमेकांशी ताडून बघू. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३५,२३,१६२ होती, २०११ मध्ये ३८,७६,००१ झाली. म्हणजे दहा वर्षांत १० टक्के वाढ. याच वेगाने तुमचं गाव वाढलं असं धरलं, तर २,६८४ चे आज साधारण ३,०५० ते ३,१०० व्हायला हवेत. फलकावरच्या ३,४५० पर्यंत जायला २८ टक्क्यांहून जास्त वाढ लागेल. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींना लागून असलेल्या गावात ती शक्य आहे. पन्हाळ्याच्या आतल्या गावात, जिथली तरुण पोरं बाहेर जातात, तिथं ती बसत नाही. दुसरीकडून बघा. आज आपल्याकडे साधारण चारातले तीन जण १८ वर्षांवरचे आहेत. ३,४५० च्या पाऊणपट म्हणजे २,५९० च्या आसपास, आणि मतदार यादी म्हणते २,६१०. म्हणजे फलक आणि मतदार यादी हे दोघं बहुधा अख्ख्या गट ग्रामपंचायतीबद्दल बोलताहेत आणि जनगणनेची ओळ एकट्या महसुली गावाबद्दल.

बहुधा म्हणालो, कारण आकडे योगायोगानेही जुळतात. मतदार यादीत मुंबई-पुण्याला स्थायिक झालेल्यांची नावं असतात, लग्न होऊन गेलेल्या मुलींची असतात, वारलेल्यांचीही राहून जातात. तेव्हा खात्री करायची तर यादीचे भाग उघडा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला त्यात येणाऱ्या गल्ल्या-वस्त्यांची नावं दिलेली असतात. वाड्यांची नावं तिथं दिसली की उलगडा झाला. फलकावरचा आकडा कुठून आला तेही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत ग्रामसेवकांना, विचारा. फलक रंगवताना कधी जनगणनेच्या ओळींची बेरीज लिहितात, कधी आशाताईंच्या नोंदवहीतला त्या वर्षीचा आकडा. तारीख मात्र कुणी रंगवत नाही.

जनगणनेचा आकडाही जसाच्या तसा घेण्याआधी तो कसा मोजला गेला हे माहीत हवं. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली आणि १ मार्चच्या शून्य तासाला धरून आकडे पक्के केले गेले. या काळात जो माणूस आपल्या नेहमीच्या ठिकाणी थोडाही हजर होता तो तिथं धरला, जो पूर्ण काळ बाहेर होता तो तिथून वगळला. नियम साधा आहे. पण कोल्हापुरात फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या नदीकाठच्या गावांत बाहेरच्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड टोळ्या कोप्या टाकून राहिलेल्या असतात, गुऱ्हाळांवर बाहेरचे गुळवे आणि कामगार असतात. नियमाने ही माणसं त्या गावात मोजली जाऊ शकतात. चंदगड, आजरा, भुदरगडच्या गावांत उलटं होतं. मुंबई-गोव्याला कामाला असलेली कर्ती पुरुषमंडळी मोजणीत नसतात आणि गाव कागदावर बायका, म्हातारे आणि मुलांचं दिसतं. पश्चिमेकडच्या एखाद्या गावात हजार पुरुषांमागे ११०० स्त्रिया दिसल्या तर तिथं मुलींचं प्रमाण चांगलं आहे असं समजू नका. पुरुष तिथं नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

कुटुंब म्हणजे काय, हेही नक्की करून घ्या. जनगणनेत कुटुंब म्हणजे एक चूल. एका छपराखाली तीन भाऊ वेगळं शिजवत असतील तर ती तीन कुटुंबं. रेशनकार्डावर मात्र तेच तीन भाऊ वडिलांच्या एकाच कार्डात असू शकतात, किंवा घरकुलासाठी, सवलतीसाठी एका चुलीची दोन कार्डं झालेली असू शकतात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ कुटुंबं मोजतच नाही, तो कर आकारणीच्या मिळकती मोजतो. त्यात गोठे आहेत, दुकानगाळे आहेत, कुलूप लावून मुंबईला गेलेल्यांची घरं आहेत. तलाठ्याकडचा ८अ खातेदार मोजतो. एका खात्यावर सात भावंडांची नावं असतात आणि त्यातल्या चार बहिणी दुसऱ्या गावी नांदत असतात. यातल्या कुठल्याही आकड्याला माणसं-प्रति-कुटुंब असा गुणक लावून लोकसंख्या काढण्याचा मोह होतो. तसं करू नका, चूक गुणाकारासकट वाढते.

आणखी एक घोटाळा जन्मनोंदीत होतो. वर्षभरातले जन्म आणि मृत्यू मिळवून-वजा करून २०११ चा आकडा आजपर्यंत ओढता येईल असं वाटतं. पण जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते. पन्हाळ्यातल्या बाईचं बाळंतपण कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात झालं तर ती नोंद शहरात जाते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ती नोंद माहेराकडे जाते. ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदवहीत वर्षाला चार-पाच नावं दिसली म्हणून गावात पोरं जन्मतच नाहीत असा निष्कर्ष काढलेले प्रकल्प सापडतात. मृत्यू तुलनेने नीट सापडतात, कारण बहुतेक म्हातारी माणसं घरीच जातात आणि वारसनोंदीसाठी दाखला लागतोच.

मग आजचा आकडा कुठून घ्यायचा? सरकारी नोंदींपैकी त्यातल्या त्यात जिवंत नोंद आशा आणि अंगणवाडी सेविकांची. त्या घर ओळखून आहेत. कोण गरोदर आहे, कोण सून आली, कोण पुण्याला गेलं हे त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या कुटुंब सर्वेक्षणाची एकूण बेरीज मागा, नावं मागू नका. त्यातही एक खोट आहे. मुलं आणि गरोदर बाया असलेली घरं तिथं पक्की असतात, पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि मळ्यातल्या दूरच्या वस्त्यांची नोंद जुनी राहिलेली असते.

इथवरचं सांगणं एवढं: अहवालात लोकसंख्येचा एक आकडा लिहू नका. पहिल्या ओळीत २०११ चा महसुली गावाचा आकडा, सांकेतांकासह. दुसऱ्या ओळीत गट ग्रामपंचायतीतल्या सगळ्या महसुली गावांची २०११ ची बेरीज. तिसऱ्या ओळीत तुम्ही स्वतः मोजलेली किंवा आशांच्या नोंदीवरून घेतलेली आजची संख्या, महिना-वर्षासह. मतदारसंख्या वेगळी लिहा, ती लोकसंख्या नव्हे. २०११ चा आकडा जुना असला तरी टाकून देता येत नाही, कारण ग्रामपंचायत सदस्यांची संख्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवरच ठरतात. १,५०० पर्यंत ७ सदस्य, ३,००० पर्यंत ९, ४,५०० पर्यंत ११ अशी ती पायरी ७,५०० च्या पुढे १७ वर थांबते. तुमच्या ग्रामपंचायतीत ९ सदस्य आहेत की ११, एवढं पाहिलंत तरी वाड्यांसह २०११ ची बेरीज ३,००० च्या अलीकडे होती की पलीकडे हे कळेल.

आता सामाजिक रचना.

गोषवाऱ्यात गावपातळीवर फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचे आकडे असतात. जिल्ह्यात अनुसूचित जाती सुमारे १३ टक्के आणि जमाती १ टक्क्याहूनही कमी आहेत. धर्माचे आकडे तालुका आणि शहर पातळीपर्यंतच प्रसिद्ध होतात, गावनिहाय मिळत नाहीत. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, मराठा, लिंगायत यांची जनगणनेत मोजणीच नव्हती. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात जात विचारली होती, पण ते जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे आणि १९३१ नंतर प्रथमच सगळ्यांची जात तीत नोंदली जाणार आहे. तुमचा प्रकल्प तोवर थांबणार नाही, त्यामुळे विचारून मोजणं हाच मार्ग उरतो.

अनुसूचित जातींच्या आकड्यातही एक बारीक गोष्ट आहे. हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच त्या सूचीचा लाभ आहे, बौद्धांना तो १९९० पासून. प्रगणकाने धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलं आणि जातीचं नाव घेतलंच नाही, किंवा घरच्यांनी सांगायचं नाकारलं, तर ते घर अनुसूचित जातीत मोजलं जात नाही. गावात बौद्ध वस्ती डोळ्यांना साठ घरांची दिसते आणि गोषवाऱ्यात आकडा चाळीस घरांइतका निघतो, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

आता आडनावं. पाटील हे जातीचं नाव नव्हे, ते वतनाचं नाव. कोल्हापूर जिल्ह्यात मराठा पाटील आहेत, जैन पाटील आहेत, लिंगायत पाटील आहेत, मुसलमान पाटील आहेत, धनगर पाटीलही आहेत. शिरोळ किंवा हातकणंगल्याच्या एखाद्या गावात मतदार यादीतले ३०० पाटील कोणत्या समाजाचे हे यादी सांगूच शकत नाही. देसाई, नाईकवडी, चौगुले, खोत यांचं तेच. ही सगळी हुद्द्यांची, कामाची नावं, जो ज्या गावात ते काम करी त्याला लागलेली. कांबळे म्हटलं की लोक एकच समाज धरतात, पण ते आडनाव अनुसूचित जातींमधल्या एकाहून अधिक जातींत आहे. जाधव, पवार, चव्हाण तर मराठ्यांपासून भटक्या-विमुक्तांपर्यंत कुठंही. उलट कुंभार, सुतार, लोहार, गुरव, परीट अशी नावं बऱ्याचदा बरोबर निघतात, आणि त्यामुळेच फसवतात. दहातली चार नावं जुळली की उरलेली सहाही जुळतील असं वाटायला लागतं. आडनावावरून काढलेल्या तक्त्यात प्रबळ समाज नेहमी जास्त दिसतो, कारण ओळखू न आलेली सगळी नावं आपण नकळत त्याच रकान्यात टाकतो.

म्हणून विचारा. पण कसं विचारता यावर सगळं आहे. जात हा पहिला प्रश्न कधीच नको. आधी चुलीवर कोण कोण जेवतं ते, मग प्रत्येकाचं वय, शिक्षण, काम, वर्षातले किती महिने गावात, मग जमीन, जनावरं, पाणी. सगळ्यात शेवटी धर्म आणि समाज. सांगायचं नसेल तर नाही सांगितलं तरी चालेल, हे आधीच म्हणा आणि रकान्यात तसंच लिहा. दोन रकाने ठेवा: घरचे स्वतःला काय म्हणवतात, आणि दाखल्यावर काय आहे. ही दोन उत्तरं आज एकच असतील असं नाही. २०२३ नंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून एकाच भावकीत एका भावाकडे कुणबी दाखला आणि दुसरा मराठा, असं आढळतं. जैन कुटुंब जातीच्या जागी चतुर्थ किंवा पंचम सांगेल, लिंगायत कुटुंब वाणी, जंगम किंवा नुसतं वीरशैव म्हणेल. डोंगरातले डांगे धनगर आणि पूर्वेकडचे मेंढपाळ धनगर दाखल्यावर एकाच भटक्या जमाती-क प्रवर्गात येतात, पण त्यांचं जगणं फार वेगळं आहे. बेरड-रामोशी कुटुंबं गडहिंग्लज भागात बऱ्याच गावांत आहेत, ती विमुक्त जातींत येतात. सांगितलेला शब्द तसाच लिहून घ्या. गट नंतर घरी बसून पाडा. दारात उभं राहून तुम्ही गट पाडायला लागलात की समोरचा माणूस तुमच्या गटात बसणारं उत्तर देतो.

नुसते टक्के काढून रचना कळत नाही. प्रत्येक समाज गावात कुठं राहतो ते नकाशावर मांडा. गावठाणाच्या मध्यभागी भावकीच्या गल्ल्या, वेशीबाहेरच्या जुन्या वस्त्या, आणि रानात राहायला गेलेली मळ्यातली घरं, हे तीन थर जवळपास प्रत्येक गावात आहेत. जुन्या वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्यामुळे जुन्या मतदार यादीत एक नाव आणि आज फलकावर समतानगर किंवा भीमनगर असं दुसरं, असं होईल. नकाशावर आजचंच नाव लिहा. जुन्या कागदाशी ताळा जमवायला तुमच्या वहीत दोन्ही ठेवा.

मळ्यातली वस्ती सर्वेक्षणात सर्वाधिक सुटते. पाणंदीने दोन किलोमीटर आत, चिखल असेल तर मोटारसायकल जात नाही, आणि लोक सांगतात की ती माणसं गावातच असतात. ती नसतात. गावात त्यांचं जुनं घर असतं, त्याचा नंबर नमुना ८ ला असतो आणि चूल मळ्यात असते. अशी कुटुंबं एकतर दोनदा मोजली जातात नाहीतर एकदाही नाहीत. धनगरवाड्यांचं याहून अवघड. महसुली गावापासून चार-पाच किलोमीटर डोंगरात, पावसाळ्यात वाट बंद. पण गावाच्या साक्षरतेच्या, नळाच्या, संडासाच्या सरासरीत त्यांची पंधरा घरं अशी विरघळतात की तिथं काहीच पोचलेलं नाही हे आकड्यांत दिसतच नाही. त्यामुळे प्रत्येक तक्ता वस्तीनिहाय करा. गावाची सरासरी शेवटच्या ओळीत येऊ द्या.

रचनेत जे नाहीत त्यांचीही नोंद लागते. बऱ्याच गावांत कुलकर्णी वाडा आहे, कुलकर्णी नाहीत. शाहू महाराजांनी कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले ते १९१८ मध्ये. पुढे गांधीहत्येनंतरची १९४८ ची जाळपोळ आणि कुळकायदा आला आणि गावांतली बरीच ब्राह्मण कुटुंबं शहरात गेली. बलुतेदारांपैकी कुणी उरलं असेल तर बहुधा एक न्हावी, एक-दोन सुतार, देवळाकडे गुरव. अशा एक-दोन घरांच्या समाजांची संख्या तक्त्यात सुटी छापू नका. गावात सोनाराचं एकच घर असेल तर तक्ता त्या घराचं उत्पन्न आणि शिक्षण जाहीर करून टाकतो. पाचापेक्षा कमी घरं असलेले समाज एकत्र करून ‘इतर’ मध्ये टाका.

कामधंद्याचा रकाना भरताना बायकांचं काम गळतं. घरातला पुरुष सांगतो, ‘ती घरीच असते’. ती पहाटे दोन म्हशींची धार काढते, डेअरीला दूध घालते, भांगलणीला जाते आणि कागदावर बिगरकामगार होते. काम काय करता, असं विचारू नका. गेल्या वर्षात कुणाच्या शेतात किती दिवस, स्वतःच्या की रोजाने, जनावरांचं कोण बघतं, असं विचारा. जनगणनेत सहा महिने किंवा जास्त काम केलेला मुख्य कामगार आणि त्याहून कमी केलेला सीमांतिक, हा फरक याच उत्तरांवर ठरतो. शेतकरी आणि शेतमजूर यांच्यातली रेषाही इथं पुसट असते. दहा गुंठे स्वतःचे आणि उरलेलं वर्ष दुसऱ्याच्या उसात, अशा माणसाला कुठं टाकायचं हे दिवसांच्या हिशेबाने ठरवा, त्याच्या अभिमानाने नाही.

बालकांच्या लिंग गुणोत्तराबद्दल जपून लिहा. कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. मधल्या काळात सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण) बसवण्याचा प्रयोग याच जिल्ह्याने केला. जिल्ह्याच्या पातळीवर हे आकडे बोलतात, गावाच्या पातळीवर बरळतात. समजा गावात ११२ मुलगे आणि १०० मुली आहेत, तर गुणोत्तर ८९३. चार मुलगे कमी आणि चार मुली जास्त झाल्या की तेच ९६३ होतं. आठ बाळांच्या फरकावर गावाला शाबासकी किंवा शिक्षा देऊ नका. पाच-सहा वर्षांचे जन्म एकत्र करा आणि शेजारच्या गावांसोबत बघा.

वय विचारताना म्हाताऱ्यांच्या बाबतीत पन्नास, साठ, सत्तर असे गोल आकडे येतात. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (१९६७) लग्न झालेलं का, बाहत्तरच्या दुष्काळात पोरं किती होती, असं विचारलं की दोन-तीन वर्षांच्या फरकाने वय सापडतं. गावनिहाय वयोगटांचे आकडे जनगणना छापत नाही, फक्त सहा वर्षांपर्यंतची मुलं वेगळी दाखवते. साठीच्या वरचे किती हे तुमच्याच मोजणीतून येणार आहे.

किती दिवस लागतील? दोघांची जोडी दिवसाला बारा ते पंधरा घरं नीट करते, त्याहून जास्त होत असतील तर प्रश्न गळताहेत. सहाशे कुटुंबांना चार जोड्या धरल्या तर साधारण बारा दिवस. एवढी माणसं नसतील तर प्रत्येक वस्तीतलं दर पाचवं घर घ्या, पण वीसपेक्षा कमी घरांच्या वस्त्या पूर्ण घ्या, नाहीतर धनगरवाड्यातून तीन घरं येतील आणि त्यावरून काहीच सांगता येणार नाही. पन्हाळ्यात भात लावणीचे दिवस टाळा. सकाळ-संध्याकाळ दूध घालायची वेळ सोडा. पुरुष हवे असतील तर रात्री सात ते नऊ, बायका हव्या असतील तर दुपारी दोन ते चार. आणि सरपंचांच्या किंवा कुठल्याही गटाच्या माणसाला सोबत घेऊन दारोदार जाऊ नका. घर दाखवायला शाळेतलं पोरगं पुरतं.

मोजणी संपल्यावर वही मिटण्याआधी तीन बेरजा ताडा. वस्तीनिहाय सहा वर्षांखालची मुलं अंगणवाडीच्या नोंदीशी, शाळेच्या वयाची मुलं शाळेच्या पटाशी, आणि चुलींची संख्या नमुना ८ मधल्या राहत्या घरांशी. शाळेचा पट जुळवताना बसने इंग्रजी शाळेत जाणारी मुलं विसरू नका, ती गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर नसतात आणि ती कुठल्या घरांतली आहेत हे पाहणं हाही सामाजिक रचनेचाच भाग आहे. कुठल्याही वस्तीत पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर त्या वस्तीत परत जा. बहुतेक वेळा फरक मळ्याकडे जाणाऱ्या पाणंदीच्या टोकाशी सापडतो.